मागणाऱ्याने उभं राहायचं

“पाण्याच्या योजनेला ज्यांची मंजुरी आहे त्यांनी हात वर करा,” मी म्हणालो, आणि शाळेच्या पडवीत दाटीवाटीने बसलेल्या अख्ख्या कासरवण गावाने आपापले हात मांडीवर असे घट्ट धरले, जणू सोडले तर आपणहूनच उडून जातील.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी घसा साफ करून पुन्हा म्हणालो. मागे कुणीतरी खोकलं. एका बाईने पदर सारखा केला. मग माझ्या ध्यानात आलं की माझ्याकडे कुणी बघतच नाहीये. साऱ्यांच्या नजरा पडवीबाहेर लागल्या होत्या. बाहेर फणसाखाली एक म्हातारा शाळेकडे पाठ करून बसला होता आणि निवांतपणे पानाला चुना लावत होता.

त्याचं नाव जिवाजी परब. पण त्या नावाने त्याला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. गाव त्याला ‘गावकार’ म्हणे. पिढ्यान्पिढ्या गावचा पहिला मान त्या घरचा. शेतात पहिला नांगर त्यांचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा आणि तंट्यात शेवटचा शब्द त्यांचा. इंग्रज गेले, संस्थान गेलं, ग्रामपंचायत आली. घटनेत कुठेही न लिहिलेला तो शब्द मात्र जागच्या जागी राहिला.

मी त्या गावचा ग्रामसेवक. नोकरीतलं माझं पहिलंच गाव, आणि मी घाटावरचा, साताऱ्याकडचा. सभेच्या अध्यक्ष होत्या सरपंच ठकूबाई झोरे. सरपंचपद त्या वर्षी राखीव झालं आणि सड्यावरच्या धनगरवाडीतली ही बाई निवडून आली. काल-परवापर्यंत ती डोक्यावर ताकाचं मडकं घेऊन दारोदार फिरायची. आता ती खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली होती, कुणीतरी ‘ऊठ’ म्हणेल म्हणून तयारीत.

योजना तिच्याच वाडीची. धनगरवाडी वर, कातळाच्या सड्यावर. फाल्गुन सरला की तिथल्या विहिरीत फक्त दगड दिसत. बायका दरड उतरून व्हाळातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, खड्ड्याशी येत आणि वाटीवाटीने कळशी भरून पुन्हा दरड चढत. खाली देवळामागच्या राईत ग्रामदेव रवळनाथाचा झरा मात्र बारा महिने वाहता. त्या झऱ्याशी टाकी बांधून, पंपाने पाणी सड्यावर चढवायचं, असं ठरलं होतं. पैसे मंजूर होते. फक्त ग्रामसभेचा ठराव हवा होता, आणि तो मार्च संपायच्या आत तालुक्याला पोचला नाही तर योजना दुसऱ्या गावाला जाणार होती.

“सभा तहकूब,” मी शेवटी म्हणालो. गाव उठला, चपला शोधू लागला. फणसाखालून म्हातारा उठला आणि एकदाही मागे न बघता चालू लागला.

ठकूबाई म्हणाली, “भाऊसाहेब, मी सांगी होतंय तुमका. गावकार बोलल्याशिवाय ह्या गावात कोंबडोसुदा आरवाचो नाय.”

“पण सरपंच तुम्ही आहात.”

“खुर्चीन सरपंच केल्यान. गावान खंय केल्यान अजून?” ती हसली. “माझी सासू म्हणता, आमच्या नळाक पानी येयत तेव्हा गाढवाक शिंगां येतली. मी तिका म्हटलंय, गाढवाक शिंगां नाय, पन धनगरणीक खुर्ची गावली मा? मग बघूया.”

तिचं हे ‘बघूया’ ऐकून मला धीर यायचा आणि लाजही वाटायची. कारण काय बघायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गावकारांच्या घरी गेलो. ते खळ्यात बसून वाळलेल्या काजू-बिया निवडत होते. मला त्यांनी पाट दिला, गूळपाणी दिलं, आणि नंतर कितीतरी वेळ बियाच निवडत राहिले.

“गावकार, तुमचा विरोध कशाला आहे तेवढं सांगा,” मी म्हणालो.

“माझो इरोध?” त्यांनी मान वर केली. “मी एक अक्षर बोललंय?”

“तुम्ही बोलला नाहीत म्हणूनच कुणी हात वर केला नाही.”

“भाऊसाहेब, तुमी शिकलेले. माका सांगा, मानूस हात कधी वर करता?”

मी तोंड उघडायच्या आत तेच पुढे म्हणाले.

“भावाचा कर्ज अंगावर पडला काय भाऊ हात वर करता. पोरगो वाया गेलो काय बापूस हात वर करता. हात वर करना म्हंजे अंग काडून घेना! देवाच्या पान्याची गजाल, आनि तुमी आमका सांगतास, सगळ्यांनी हात वर करा. करूक व्हये होते. गमतच झाली असती.”

त्यांचं सारं अंग हसण्याने गदगदलं. मीही हसलो, काय करणार? सरकारच्या परिपत्रकाने आणि माझ्या मराठीने मिळून मला चांगलाच उताणा पाडला होता.

“मग तुमच्यात होकार कसा देतात?”

“तोंडान. देवासमोर.” आता ते हसत नव्हते. “देवळात नारळ ठेवतत. मी गाऱ्हाना घालतंय. दरएक मागन्यावर गाव म्हनता, होय म्हाराजा. सगळ्या गावान म्हटल्यान तर ता झाला. एक तोंड जरी गप ऱ्हवला तरी परत इचार करूचो. तुमच्यात निम्म्यापेक्षा एक जास्त झालो काय पुरो. आमच्यात एकटो उरता तेका घेतल्याशिवाय फुडे जाना नाय.”

“मग घाला ना गाऱ्हाणं धनगरवाडीसाठी. मी पाया पडतो तुमच्या.”

“थंयच तर घोडा आडला.” त्यांनी काजूचं सूप बाजूला सारलं. “आमच्या देवळाचो नेम आसा, ज्येचा मागना तेना सोता नारळाक हात लावन हुबा ऱ्हवाचा. दुसऱ्यान दुसऱ्यासाटी मागलेला देव आयकना नाय. आनि दुसरो नेम असो, की धनगरवाडीचा मानूस मंडपात हुबा ऱ्हवत नाय. ती पायरीवर बसतत. माझ्या बापाशीच्या येळेक तसाच, तेच्या बापाशीच्या येळेकय तसाच. आता सांगा. एक नेम पाळूचो तर दुसरो मोडता. आनि मोडूचो कोनी? तुमच्या कागदात ‘गावकार’ असो शब्द आसा काय खंय?”

“नाही,” मी म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“नाय मा? कागद म्हनता, गाव म्हंजे सरपंच. मग माका इचारूक कित्याक इलास?”

त्या प्रश्नात राग असता तर मी उत्तर दिलं असतं. पण त्यात राग नव्हता. आयुष्यभर ओझं वाहिलेल्या माणसाला एकाएकी ‘तुझी गरज नाही’ म्हणावं आणि ओझं मात्र खांद्यावरून कुणी उतरवून घेऊ नये, तसा तो आवाज होता. मी नमस्कार करून उठलो.

त्याच आठवड्यात फाल्गुनातली एकादशी आली. रवळनाथाच्या देवळात एकादशीला कीर्तन असे, आणि खरं सांगायचं तर त्या परक्या मुलखात माझा जीव रमला तो या कीर्तनामुळे. आमचं घराणंच कीर्तनाच्या वेडाचं. ऊस तोडून आलेला माझा बाप टाळाचा आवाज कानी पडला की भाकर तशीच ठेवून देवळाकडे पळायचा. इकडचं कीर्तन आमच्याकडच्यापेक्षा वेगळं. मागे टाळकऱ्यांची फळी नाही, पेटी-तबला आणि हातात झांजा घेतलेले एकटे बुवा. पण नाम तेच, आणि डोळ्यांना येणारं पाणीही तेच.

त्या दिवशी बुवा आजारी पडले आणि त्यांनी आपल्या पुतणीला पाठवलं. जेमतेम विशीची पोर. नऊवारी नेसून ती उभी राहिली तेव्हा मंडपात कुजबुज झाली. “ह्या चेडू काय सांगतला?” म्हणून बापू सावंत उठायलाच निघाले होते. बापू हे दुसऱ्या मानाचे मानकरी. गावकारांच्या खालोखाल त्यांचा शब्द.

पण पोरीने तोंड उघडलं आणि बापू खाली बसले. काय तो आवाज! पहाटे उंबरठ्यावर पडणाऱ्या उन्हासारखा, हळूहळू घरभर होणारा. तिने मागण्यावरच निरूपण केलं. म्हणाली, “आईपाशी मागायला लेकराला शब्द लागत नाहीत. शब्द लागतात ते भीड असते तिथे. आणि देवाला आपल्या भिडेचाच कंटाळा आहे हो!” मी ऐकत होतो आणि समोरचं मला धूसर दिसू लागलं होतं.

मध्यंतराला कीर्तनकाराला हार घालायचा मान गावकारांचा. ते उठले. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, आणि समोर नातीच्या वयाची पोर. त्यांनी तिला बुक्का लावला, हार तिच्या हाती दिला, आणि धोतर सावरत, सावकाश, गुडघ्यांवर हात टेकत वाकून तिच्या पायांना हात लावला.

ती संकोचून मागे सरली. “आजोबा, अहो, मी लहान आहे!”

“हुबी ऱ्हव गो,” गावकार म्हणाले.

परत येताना बापूंनी त्यांना हळूच चिमटा काढला. “काय गावकारानू, चेडवाच्या पायां पडलास?”

“चेडवाच्या खंय? गादीच्या. नारदाची गादी ती. तेच्यार जो कोन हुबो ऱ्हवता तो तेवड्या येळापुरतो मोठो. तू हुबो ऱ्हवलंस तर तुझ्यापन पायां पडीन. पन तुझो आवाज आयकून देव पळतलो.”

आजूबाजूचे खो खो हसले. गावकारही हसत होते. हसता हसता त्यांची नजर मंडपाच्या बाहेर गेली आणि तिथेच थांबली. बाहेर शेवटच्या पायरीवर, चपलांच्या शेजारी, ठकूबाई बसली होती. डोळे मिटून, हनुवटी गुडघ्यांवर टेकून ती कीर्तन ऐकत होती. गावकारांचं हसू हळूहळू ओसरलं. उत्तररंग सुरू झाला, पण ते पुढे बघतच नव्हते.



दोन दिवसांनी मी आणि ठकूबाई पंचायतीच्या कचेरीत बसलो होतो. दाराशी काठी वाजली. पंचायत झाल्यापासून गावकारांनी त्या उंबरठ्यावर कधी पाऊल टाकलं नव्हतं, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. त्यांना पाहताच ठकूबाई ताडकन खुर्चीवरून उठली.

“बस,” ते दारातूनच म्हणाले.

“आज्यानू, तुमी हुबे आसास आनि मी कशी...”

“ठकू, बस म्हनतंय. तू उठलंस तर माका हयसूनच परत जावक लागात. बसलेल्या सरपंचाक भेटूक इलंय मी, उठलेल्या ठकूक नाय.”

ती बसली. या खेपेला कडेवर नाही, पाठ टेकून. ते माझ्यासमोरच्या बाकावर बसले.

“भाऊसाहेब, तुमची सभा देवळात घेतली तर कायद्याक चलता?”

“चालते,” मी म्हणालो. चालते की नाही हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं, पण चालवायची असं मी ठरवलं होतं.

“हात वर करूक सांगूचा नाय.”

“नाही सांगत. तोंडी होकारही कायद्याला चालतो.”

“मग आयका. सभा तिची. गाऱ्हाना माझा. आनि मागना...” त्यांनी ठकूबाईकडे पाहिलं. “मागना तुझा. तुका मंडपात हुबा ऱ्हवाचा लागतला.”

ठकूबाईचा चेहरा उतरला. निवडणुकीत उभी राहताना ती घाबरली नव्हती, आता घाबरली. “आजपर्यंत आमच्यातला कोन भुतूर गेलाला नाय. गाव काय म्हनात?”

“गाव मी बघतंय. तू काय मागतलंस ता बघ.”

“आनि देव?”

“तेका मी कालपासून इचारतंय. अजून तरी नको म्हनालेलो नाय.”

सोमवारी सकाळी देऊळ भरलं. शाळेच्या पडवीत आले होते त्याहून जास्त माणसं, आणि या वेळी धनगरवाडीही सगळीच्या सगळी आली होती; पायऱ्यांवर, चपलांच्या शेजारी. मी ग्रामसभेचा विषय वाचला. सरपंचांनी, म्हणजे ठकूबाईने, पायरीवरूनच सभा सुरू झाल्याचं सांगितलं. मग गावकारांनी नारळ घेतला आणि तिला हाताने खूण केली.

ती पायरी चढली. दुसरी चढली. मंडपाच्या कडेशी तिचं पाऊल थबकलं.

“धनगरीन मंडपात?” बापू सावंत उभे राहिले. “गावकारानू, ह्या काय चल्लाहा? नेम खंय गेलो?”

“नेमानच चल्लाहा, बापू. मागनाऱ्यान हुबा ऱ्हवाचा, ह्यो पयलो नेम. पायरीचो नेम मागाहून कोनीतरी केलो, तो देवान केलो असा माका वाटना नाय.” गावकारांनी नारळ पुढे केला. “नायतर असा कर. तू ये, नारळाक हात लाव, नि तिच्या वाडीसाटी तू पानी माग. तुका आजपासून रोज दरड उतराची लागात, तेवडा बघ.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू सगळ्या मंडपात पसरलं. बापू तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत खाली बसले. ठकूबाई आत आली आणि तिने हात नारळावर ठेवला.

गावकारांनी डोळे मिटले. म्हातारपणाने चिरकलेला त्यांचा आवाज एकाएकी भरदार झाला.

“बा देवा रवळनाथा, चार वाटांच्या, चार दिशांच्या धन्या म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” गाव गरजला.

“आज ही तुझी लेकरां एके जाग्यार जमली हत म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“कोनाचा चुकला-माकला आसात, ता तू पोटात घाल म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“सड्यावयली तुझी लेक आज पयल्यांदाच तुझ्यासमोर हुबी ऱ्हवली हा. तिचा मागना तू तिच्याच तोंडान आयक म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” हे जरासं हळू आलं, पण आलं.

आणि मग गावकारांनी नारळावरचा आपला हात काढून घेतला. ते देवासमोरून बाजूला झाले आणि मंडपातल्या माणसांतून वाट काढत मागे, अगदी मागे जाऊन खांबाशी उभे राहिले. देवासमोर ठकूबाई एकटीच नारळ धरून उरली.

बाहेर पायरीवर तिची सासू पदर तोंडात धरून बसली होती.

“बा देवा...” ती म्हणाली आणि थांबली. मग तिने मान वर केली. “देवा, आमी बायका चैतापासून तुझ्या दरडीयेर पाय घासतोंव. गेल्या साली माझी धाकटी जाव भरलेल्या कळशेसकट पडली. पाय मोडलो, पोर पोटातच गेला. मी तेव्हा तुझ्यावर रागावलंय. आता नाय रागवत. तुझ्या झऱ्याचा पानी आमका दी. पयला तुका, मग खालच्या गावाक, आनि उरात ता आमका. उरात ताच. जास्ती नको... म्हाराजा.”

शेवटचा शब्द तिला उशिरा आठवला. तो हवेतच राहिला.

कुणी काही म्हणेना. विरोध होता असंही नाही. पण त्या गावाने आजवर एकाच आवाजामागे होकार दिला होता. या आवाजामागे पहिला होकार कुणी द्यायचा, ते कुणालाच कळेना. मी टाळकऱ्याच्या घरातला. पहिला टाळ कुणी वाजवायचा, याच्यासाठी अडलेलं कीर्तन मी पाहिलेलं आहे. पण तो टाळ माझा नव्हता. मी परका. मी ओठ आवळून, मनात नुसतं नाम घेत उभा राहिलो. ठकूबाईची बोटं नारळावर पांढरी पडली होती.

“होय म्हाराजा.”

मागून, खांबाशेजारून आवाज आला. सारा मंडप वळून बघू लागला. गावकार हात जोडून, डोळे मिटून उभे होते. या माणसाने जन्मभर देवाकडे गावासाठी मागितलं होतं. इतरांच्या मागण्याला होकार देणाऱ्यांत तो कधी उभा राहिला नव्हता. त्याच्या बापाने नाही, आजाने नाही. गावकाराचा आवाज गावाने मागून ऐकला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

“होय म्हाराजा!” ते पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने. “मेल्यांनो, तोंडात काय बोंडू कोंबलेत काजूचे?”

आणि मग जे उठलं ते मला आजही कानात ऐकू येतं. “होय म्हाराजा!” सगळा मंडप, पायऱ्या, पायऱ्यांवरची धनगरवाडी, सगळे एका तोंडाने. मी बापू सावंतांकडे पाहिलं. बापू समोरच्या माणसाच्या पाठीवरचं काहीतरी अतिशय बारकाईने बघत होते, पण त्यांचे ओठ हलले. माझेही हलले. सरकारी नोकराने ग्रामसभेत तटस्थ राहायचं असतं. माझ्याने राहवलं नाही, देव मला क्षमा करो.

ठकूबाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिचा हात अजून नारळावरच होता. एकदा ऐकलं जातंय हे कळल्यावर माणसाला कसं थांबवणार?

“आनि देवा म्हाराजा,” तिचा आवाज आता मोकळा झाला होता, “आमच्या वाडयेक रस्तो नाय, पावसात पोरांका शाळेत जावक...”

“गो, गो, थांब!” मागून गावकार ओरडले. “एका नारळाक एकच मागना!”

देऊळ हसण्याने दणाणलं. ठकूबाईने पदराने डोळे पुसले, वळून म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि मंडपाच्या मध्यावर ताठ उभी राहून म्हणाली,

“बरा तर. फुडल्या सोमवारी दुसरो नारळ घेवन येतंय.”